आरएक्स-७ आयडलिंगला धूर सोडते: इंजिन खोलण्याआधी काय काय तपासायचं

टर्बो लावलेली रोटरी गाडी (जिच्या इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात) उभ्या उभ्या धूर सोडायला लागली की बहुतेक ठिकाणी एकच निकाल ऐकू येतो: इंजिन गेलं, बांधायला घ्या. हा निकाल कधी कधी खरा असतो, पण तो फार लवकर दिला जातो. या इंजिनात तेल जळायच्या जागी पोहोचायला चार वेगवेगळे रस्ते आहेत आणि त्यातले तीन इंजिन न खोलता तपासता येतात. पाण्याचा आणि पेट्रोलचा धूर त्याहून वेगळा. म्हणून आधी रस्ता शोधायचा, मग पाना हातात घ्यायचा.

इथे मी माझदा आरएक्स-७ च्या तिसऱ्या पिढीबद्दल लिहितोय: एफडी३एस, १९९१ ते २००२ या काळात बनलेली. तिच्यात १३बी-आरईडब्ल्यू हे १३०८ सीसीचं इंजिन, ६५४ सीसीचे दोन रोटर आणि एकामागून एक कामाला लागणारे दोन टर्बो असतात. आधीच्या एफसी३एसमधल्या टर्बो १३बी इंजिनालाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं. ही गाडी भारतात कंपनीने कधी विकली नाही. पण न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात जपानहून आलेल्या आरएक्स-७ भरपूर आहेत आणि अमेरिकेत २५ वर्षांच्या नियमामुळे नव्वदीच्या उत्तरार्धातल्या जपानी गाड्याही आता कायदेशीर आणता येतात. त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये ती दिसणं आता नवलाचं नाही. अडचण अशी की जवळपासच्या मेकॅनिकने रोटरी हाताळलेलीच नसते, आणि तो पिस्टन इंजिनाच्या सवयीने विचार करतो.

पिस्टनची सवय बाजूला ठेवा

रोटरीत व्हॉल्व्ह नाहीत. म्हणजे व्हॉल्व्ह गाइड नाहीत आणि त्यांची सीलंही नाहीत. हेड गॅस्केट नाही. त्यामुळे "व्हॉल्व्ह सील गेलं असेल" किंवा "हेड गॅस्केट उडालं असेल" हे दोन नेहमीचे अंदाज इथे निरर्थक आहेत.

शिवाय रोटरी मुद्दामच थोडं तेल जाळते. रोटरच्या टोकांवर बसवलेल्या आणि हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, भिंतीवरून घसरणाऱ्या एपेक्स सीलना वंगण हवं असतं, म्हणून मीटरिंग पंप सम्पमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतलं) तेल थेंबाथेंबाने आत सोडतो. हा पहिला रस्ता. दुसरा ऑइल कंट्रोल रिंगांचा. रोटर आतून तेलाने थंड केला जातो. एक्सेंट्रिक शाफ्टमधल्या (ज्याला रोटर फिरवतात त्या मुख्य दांड्यातल्या) जेटमधून तेल त्याच्या पोटात फवारलं जातं. ते तेल बाजूच्या लोखंडी प्लेटवरून जळणाच्या जागेत जाऊ नये म्हणून रोटरच्या प्रत्येक बाजूला दोन रिंगा असतात, आतली आणि बाहेरची. म्हणजे दोन रोटरच्या इंजिनात एकूण आठ. प्रत्येक रिंगेच्या खाचेत एक रबरी ओ-रिंग असते. तिसरा रस्ता टर्बोच्या शाफ्टचा, आणि चौथा ब्रीदरचा, म्हणजे क्रँककेसची (इंजिनातल्या तेलाच्या पोकळीची) वाफ इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, नेणाऱ्या नळ्यांचा.

पहिली पायरी: गाडी सुरू करण्याआधीचे प्रश्न

डिपस्टिक काढा. तेल खुणेच्या वर भरलंय का? जास्त तेल ब्रीदरमधून इनटेकमध्ये जातं आणि टर्बोतून परत येणाऱ्या तेलाची वाटही अडवतं. तेलाला पेट्रोलचा वास येतोय आणि पातळी आपोआप वाढलेली दिसतेय, तर गाडीत पेट्रोल जास्त पडतंय.

मग गाडीचा इतिहास. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा, थोडक्यात कॅट) नुकताच काढून सरळ पाइप बसवलाय का? कॅट होता तोवर मीटरिंग पंपाचं थोडं तेल आणि आयडलिंगचं जादा पेट्रोल तिथेच जळून जात होतं. तो काढल्यावर चांगल्या इंजिनाचाही फिकट धूर दिसतो आणि डोळे चुरचुरतात. मीटरिंग पंप काढून पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळलं जातंय का, आणि किती? इंजिन नव्याने बांधलंय का? जुळणी करताना लावलेलं व्हॅसलीन आणि तेल जळून जाईपर्यंत धूर येणारच. गाडी कधी तापली होती का? या प्रश्नाचं उत्तर विकणाऱ्याकडून हमखास "नाही" असं येतं. तरी विचाराच, कारण एकदा जोरदार तापलेल्या रोटरीत पाण्याची सीलं आणि ऑइल रिंगांच्या ओ-रिंगा दोन्ही संशयित ठरतात.

कूलंटची पातळी इंजिन पूर्ण थंड असताना बघून ठेवा. गरम असताना टोपी उघडू नका.

दुसरी पायरी: थंड गाडीला सेल्फ मारा आणि मागे जाऊन उभे राहा

हे मोकळ्या हवेतच करा. बंद गॅरेजमध्ये कॅट नसलेली रोटरी काही मिनिटंही चालवणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एकाला आत बसवा, तुम्ही मागे. निळसर, जड, जळक्या तेलाचा वास असलेला धूर तेलाचा. पांढरा, दाट, गोडसर वासाचा आणि गाडी गरम झाली तरी न थांबणारा धूर कूलंटचा. काळसर, नाकात पेट्रोल चढवणारा धूर जास्त पेट्रोलचा. थंडीच्या सकाळी टेलपाइपपासून थोड्या अंतरावर विरून जाणारी पांढरी वाफ म्हणजे निव्वळ पाणी, तिची काळजी नको.

रंग मात्र फसवतो. संध्याकाळच्या उजेडात निळा धूर पांढरा दिसतो, आणि टर्बाइनवर (टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या चाकावर) जळलेलं तेल कित्येकदा पांढरटच बाहेर पडतं. अशा वेळी साधा पांढरा टिश्यू पेपर टेलपाइपपासून वीतभर अंतरावर अर्धा मिनिट धरा, मग सावलीत वाळू द्या. पाणी असेल तर कागद कोरडा होऊन पहिल्यासारखा दिसतो. तेल असेल तर वाळल्यावरही पारदर्शक, तेलकट डाग राहतो आणि बोटाला बुळबुळीत लागतो. पेट्रोल जास्त असेल तर काजळीचे कोरडे काळे ठिपके पडतात. टेलपाइपच्या आतून बोट फिरवूनही हेच कळतं, पण ते गाडी थंड असताना करा.

तिसरी पायरी: धूर नेमका केव्हा येतो

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि खर्च शून्य, म्हणून ही पायरी घाईने उरकू नका.

बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरू करताना एक ढग येतो आणि मिनिटभरात साफ होतो. उभ्या गाडीत थोडं तेल रिंगांवरून झिरपून खाली साचलेलं असतं. हे जुन्या रोटरीत बऱ्याचदा दिसतं. एवढ्यावरून काहीही ठरवू नका.

सुरुवातीला गाडी स्वच्छ, गरम होऊन पाच-दहा मिनिटं आयडलिंगला राहिली की धूर सुरू, आणि रेस दिल्यावर एक मोठा ढग बाहेर पडून पुन्हा स्वच्छ. असं असेल तर टर्बोच्या तेलाच्या परतीवर संशय घ्या. टर्बोतलं तेल निव्वळ उतारावर खाली येतं, त्याला पंप नसतो. वाट अडली की तेल मधल्या भागात चढतं आणि टर्बाइनच्या बाजूने एक्झॉस्टमध्ये उतरतं.

गरम गाडी गिअरमध्ये ठेवून ४,००० आरपीएमवरून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडा, काही सेकंद इंजिन ब्रेकिंग करा आणि मग पुन्हा दाबा. त्या क्षणी निळा ढग आला, तर बोट ऑइल कंट्रोल रिंगांकडे जातं. थ्रॉटल बंद असताना आत सर्वात जास्त व्हॅक्यूम असतो आणि तो तेल ओढून घेतो. आयडलिंगलाही व्हॅक्यूम जास्तच, म्हणून रिंगांचा धूर आयडलिंगलाही दिसतो. टर्बोच्या परतीचा धूर मात्र या चाचणीत सहसा तितका उठून दिसत नाही.

सुमारे ४,५०० आरपीएमला दुसरा टर्बो कामाला लागतो. नेमक्या त्याच वेळी ढग येत असेल, तर दुसऱ्या टर्बोत साचलेल्या तेलाचा विचार करा. खालच्या आरपीएमला तो जवळजवळ स्वस्थ असतो, पण तेलाचा पुरवठा त्याला चालूच असतो.

चौथी पायरी: चारही प्लग काढा, आणि कुठला कुठला ते लिहून ठेवा

प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. मूळ प्लग एनजीकेचे: लीडिंगला बीयूआर७ईक्यू, ट्रेलिंगला बीयूआर९ईक्यू. दोघांची हीट रेंज वेगळी आहे, परत लावताना अदलाबदल करू नका.

गाडीला धूर येत असतानाच्या आयडलिंगवरच इंजिन बंद करा आणि मग प्लग काढा. रेस देऊन बंद केलीत तर पुरावा जळून जातो. प्लग कागदावर एल१, टी१, एल२, टी२ अशा क्रमाने मांडा. आता बघा: एकाच रोटरचे प्लग तेलाने ओले आणि दुसऱ्याचे कोरडे तपकिरी, तर तेल त्या रोटरच्या आतून येतंय, रिंगा किंवा मीटरिंगचा नोझल. दोन्ही रोटरचे प्लग सारखेच तेलकट, तर तेल बहुधा इनटेकमधून दोघांनाही वाटलं जातंय; ब्रीदर किंवा टर्बोची कॉम्प्रेसर बाजू (हवा आत दाबणारी). चारही प्लग कोरडे आणि स्वच्छ, पण मागे निळा धूर, तर इंजिन निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. तेल इंजिनानंतर, टर्बाइनजवळ मिसळतंय. आणि एखाद्या रोटरचे प्लग वाफेने धुतल्यासारखे अस्वाभाविक स्वच्छ निघाले, तर खालच्या "धूर पांढरा आणि गोड असेल तर" या भागाकडे वळा.

चौथ्या पायरीवर फार थोडे मेकॅनिक थांबतात याचं मला वाईट वाटतं. अर्ध्या तासाच्या या कामाने गाडीमालकाचे लाखभर रुपये वाचू शकतात.

पाचवी पायरी: ब्रीदर

धूर येत असताना तेल भरायची टोपी सैल करा. धूर काही मिनिटांत कमी झाला, तर क्रँककेसमध्ये दाब साचतोय. त्या दाबामुळे टर्बोतून परत येणारं तेल खाली उतरत नाही आणि आयडलिंगला धूर दिसतो. मॉडिफाय केलेल्या गाड्यांत हे वरचेवर सापडतं: बॉनेटखालची जागा "स्वच्छ दिसावी" म्हणून कुणीतरी फिलर नेकच्या (तेल भरायच्या तोंडाच्या) दोन्ही नळ्यांवर रबरी टोप्या ठोकून दिलेल्या असतात. त्या काढा, नळ्या कॅच कॅनमध्ये (तेलाची वाफ गोळा करणाऱ्या डब्यात) न्या आणि कॅनला हवा बाहेर सोडायची वाट ठेवा.

मूळ जोडणी असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये सोडणारी एकदिशा झडप) काढून फुंकून बघा. हवा एकाच दिशेने जायला हवी. दोन्ही दिशांनी गेली तर बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबत असताना) टर्बोचा दाब सरळ क्रँककेसमध्ये शिरतोय. मग इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरचे) पाइप सोडा. आत तेलाचा पातळ थर असणं जुन्या गाडीत समजण्यासारखं आहे. ओंजळभर तेल साचलेलं असेल तर नाही. एअर फिल्टरही बघा, कारण चोंदलेल्या फिल्टरमुळे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी व्हॅक्यूम वाढतो आणि धडधाकट टर्बोतूनही तेल खेचलं जातं.

सहावी पायरी: मीटरिंग पंप

एफडीचा पंप इलेक्ट्रॉनिक आहे, आणि त्याचा कनेक्टर नुसता काढला तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, गाडीला फेल-सेफमध्ये (ताकद मर्यादित ठेवणाऱ्या अवस्थेत) टाकतो. म्हणून चाचणी करताना कनेक्टर तसाच ठेवायचा, फक्त तेलाच्या नळ्या पंपाकडून सोडून दोन्ही टोकं नीट बंद करायची. त्याआधी टाकीत टू-स्ट्रोक तेल मिसळायला विसरू नका, नाहीतर एपेक्स सील कोरडी घासतील. दर लिटर पेट्रोलला ८ मिली हे सर्वसाधारण प्रमाण. या अवस्थेत बूस्ट घेऊ नका, फक्त आयडलिंगला उभी ठेवा. धूर स्पष्ट कमी झाला तर पंप किंवा नोझल दोषी. नळ्या पंचवीस-तीस वर्षांच्या उष्णतेने काचेसारख्या ठिसूळ झालेल्या असतात. पक्कडीने दाबू नका, वाकवू नका, आणि तांब्याचे वॉशर नवे घाला.

सातवी पायरी: टर्बो

प्लग कोरडे आणि धूर निळा असेल तरच इथे या, कारण एफडीचे जुळे टर्बो काढणं हे दिवसभराचं आणि तुटक्या बोल्टचं काम आहे. आधी डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पहिला पाइप) उतरवा आणि टॉर्च मारून टर्बाइनच्या पात्यांकडे बघा. ओलं, चकाकणारं तेल किंवा कोळशासारखी जाड पुटं दिसली तर रस्ता सापडला. शक्य असेल तर कॅमेऱ्याची वायर एक्झॉस्ट पोर्टपर्यंत घाला. पोर्ट कोरडा आणि टर्बाइन ओलं, हा टर्बोविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा.

शाफ्ट बोटांनी हलवून बघा. साध्या बेअरिंगच्या टर्बोत बाजूला थोडी हालचाल असतेच. पातं हाउसिंगला घासत असेल किंवा शाफ्ट आत-बाहेर जाणवण्याइतका सरकत असेल तर टर्बो संपला. पण शाफ्ट घट्ट आहे म्हणून टर्बो निर्दोष असं समजू नका, आणि धूर येतोय म्हणून तो बाद असंही नाही. टर्बोचं सील रबरी नसतं. ती पिस्टन रिंगेसारखी धातूची रिंग असते आणि ती दाबाच्या फरकावर व तेल खाली वाहून जाण्यावर अवलंबून असते.

मोठा सिंगल टर्बो बसवलेल्या गाडीत तर मी आधी नळ्याच तपासायला सांगेन. परतीची नळी जाड हवी, सतत उताराची, कुठेही खोलगट भाग नसलेली आणि सम्पमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली. टर्बोचा मधला भाग उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेला नको. पुरवठ्याची बाजूही बघा: रोटरीचा तेलाचा दाब मुळातच चढा, ३,००० आरपीएमला सुमारे ७० पीएसआय. बॉल बेअरिंग टर्बोला ४० ते ४५ पीएसआय पुरतो. म्हणून तिथे सुमारे १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर (तेलाचा पुरवठा कमी करणारा बारीक भोकाचा तुकडा) लागतो. तो नसेल तर नवाकोरा टर्बोही आयडलिंगला धूर सोडेल, आणि मालक तो टर्बो कंपनीकडे परत पाठवत बसेल.

धूर पांढरा आणि गोड असेल तर

रोटर हाउसिंग आणि लोखंडी प्लेट यांच्यामध्ये पाणी अडवणारी गोल सीलं असतात. ती फाटली किंवा त्यांच्या खाचेची भिंत तडकली की कूलंट आत येतं. ठरावीक लक्षण म्हणजे रात्रभर उभ्या गाडीचा सकाळी एक रोटर मिसफायर होतो, पांढरा ढग येतो, थोड्या वेळाने गाडी सुरळीत. कूलंट कमी होत राहतं आणि कमी पातळीचा बझर वाजतो.

थंड इंजिनावर कूलिंग सिस्टिमला प्रेशर टेस्टर लावा, टोपीवर छापलेल्या दाबाइतकाच दाब द्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरलेला असेल आणि बाहेर कुठेही थेंब नसेल, तर इंजेक्टरचा फ्यूज काढून, लीडिंग प्लग काढून सेल्फ मारा. प्लगच्या भोकातून कूलंटचा फवारा आला तर शंका उरत नाही. तोंड बाजूला ठेवा. रेडिएटरच्या तोंडावर धरायचं एक रसायनही मिळतं. कूलंटमध्ये जळलेला वायू मिसळत असेल तर ते निळ्याचं पिवळं होतं. यात इंजिन खोलण्यावाचून दुसरा उपाय नाही. बाजारातलं गळती बुजवायचं औषध ओतू नका, ते रेडिएटर चोंदवतं आणि पुढचं काम वाढवतं.

काळ्या धुराचं थोडक्यात

वाइडबँड मीटर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) लावून आयडलिंगचं मिश्रण बघा. मीटर पातळ (कमी पेट्रोलचं) मिश्रण दाखवतोय पण धूर काळा आहे, तर मिसफायर होतोय. न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन मीटरला फसवतो. गरम गाडी बंद करून थोड्या वेळाने सुरू व्हायला कुरकुरत असेल तर इंजेक्टर गळतोय का ते बघा. फ्यूएल रेलवरच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरच्या) पल्सेशन डॅम्परपाशी, म्हणजे पेट्रोलच्या दाबाचे धक्के शोषणाऱ्या भागापाशी, पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच बंद करा. या गाड्यांना त्या भागातून गळून आगी लागल्या आहेत.

सगळं निर्दोष निघालं तर ऑइल रिंगा

इथे कॉम्प्रेशन टेस्टबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. रोटरीची टेस्ट रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगळा दाखवणाऱ्या खास टेस्टरने करतात. २५० आरपीएमला किमान ६.० किलो प्रति चौ. सेंमी दाब आणि एका रोटरच्या तीन बाजूंत जास्तीत जास्त १.५ चा फरक चालतो. पण हे आकडे एपेक्स आणि साइड सीलची तब्येत सांगतात. ऑइल रिंगांबद्दल ते काहीच सांगत नाहीत. उत्तम कॉम्प्रेशन असलेलं इंजिन धुराचे लोट सोडू शकतं, आणि दमलेलं इंजिन अजिबात धूर न सोडता चालू शकतं. "कॉम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे टर्बोच" असं कुणी म्हणालं तर त्याला प्लग दाखवायला सांगा.

एका रोटरचे प्लग तेलकट, इंजिन ब्रेकिंगनंतर ढग, ब्रीदर मोकळा, मीटरिंग बंद करूनही फरक नाही: एवढं जुळलं की इंजिन खोलायचा निर्णय घ्यावा. बांधणाऱ्याला आधीच विचारा की ओ-रिंगा नव्या घालणार ना, रिंगांच्या धारेची रुंदी मोजणार ना आणि बाजूच्या प्लेटची झीज तपासणार ना. इंजिन नुकतंच बांधलेलं असून धूर येत असेल, तर बसवताना ओ-रिंग चिमटली गेली असेल किंवा रिंगेखालच्या स्प्रिंगची बाजू उलटसुलट झाली असेल.

दुरुस्ती टर्बोची असो की ब्रीदरची, पहिल्याच दिवशी धूर थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. मफलरच्या आत मुरलेलं तेल जळून जायला गाडी नीट तापवून लांब चालवावी लागते. इंटरकूलर आणि पाइप आतून धुऊनच परत बसवा, आणि दोन-तीन टाक्या पेट्रोल संपल्यावर चौथ्या पायरीचे प्लग पुन्हा काढून पहिल्या नोंदीशी ताडून बघा.